रानमांजर, वाघाटी आणि त्यांचा अमेरिकेंतील भाऊबंद

या वर्षीं जून महिन्यांत आठवीच्या वर्गांत इंग्रजीचा एक उतारा शिकवीत असतां त्यांत 'बॉबकॅट' हा शब्द आला. अमेरिकेंतील एका रानटी मांजराचें हें नांव आहे, एवढें सांगून मी पुढील वाक्याकडे वळणार होतों; इतक्यांत मागच्या बांकावरील एक मुलगा उभा राहिला व म्हणाला, "सर, तसलं मांजर आमच्या उसात आहे. त्याचं शेपूट आखूड आहे आणि कानाच्या टोकाला केस आहेत. तेच का हे?" वर्गांत हंशा पिकला. मला मात्र हंसूं आलें नाहीं. कारण प्रश्न सयुक्तिक होता आणि त्याचें उत्तर मला देतां येत नव्हतें. "उद्यां सांगतों," असें म्हणून मीं वेळ मारून नेली. त्या 'उद्यां'ला आठ महिने लागले. या आठ महिन्यांत कांहीं पुस्तकांवरून, कांहीं वनखात्याच्या लोकांकडून आणि कांहीं माझ्या स्वतःच्या चुकीवरून जें समजलें, तें विद्यार्थ्यांसाठीं व त्यांच्या पालकांसाठीं येथें लिहीत आहें.

प्रथम त्या अमेरिकन प्राण्याची ओळख करून घेऊं. मार्जारकुलांत 'लिंक्स' नांवाचा एक गट आहे. त्यांत चार जाति येतात. एक कॅनडांत राहते, एक स्पेन व पोर्तुगाल या देशांत, एक युरोपापासून आशियाच्या थंड प्रदेशांपर्यंत पसरलेली असून ती आपल्या लडाखांतही आहे, आणि चौथी जाति म्हणजे हें बॉबकॅट. इंग्रजींत 'बॉब' म्हणजे आखूड कापलेलें. या मांजराची शेंपटी वीतभरही भरत नाहीं. जणूं कोणी कात्रीनें छाटून टाकली असावी, म्हणून हें नांव. कॅनडाच्या दक्षिण भागापासून मेक्सिकोपर्यंत तें आढळतें. जंगल, दलदल, खडकाळ टेकड्या, वाळवंटाच्या कडा, फार काय, मोठ्या शहरांच्या बाहेरील वस्त्याही त्याला चालतात. त्याचें वजन साधारणतः सहा ते चौदा किलो असतें व नर मादीहून मोठा असतो. अंगावर ठिपके, गालांवर कल्ल्यांसारखे केंस आणि कानांच्या टोकांवर काळे झुबके, असें त्याचें रूप आहे.

त्याचा मुख्य आहार ससे. तरी प्रसंग पडल्यास तें आपल्याहून कितीतरी मोठें हरिणही मारतें. एवढी शिकार एका वेळीं संपत नाहीं. तेव्हां उरलेल्या मांसावर तें पालापाचोळा, गवत किंवा बर्फ ओढून ठेवतें आणि भूक लागली म्हणजे परत येतें. बॉबकॅट एकटें राहतें. आपल्या हद्दीच्या खुणा तें मूत्रानें, विष्ठेनें व नखांच्या ओरखड्यांनीं करून ठेवतें. हे ओरखडे आणि हा वास म्हणजे त्याचीं पत्रें होत. कोण येऊन गेला, केव्हां गेला, हें दुसरें बॉबकॅट त्यावरून वाचतें. दोन माद्या सहसा एकमेकींच्या हद्दींत शिरत नाहींत, पण एका नराची हद्द अनेक माद्यांच्या हद्दींवर पसरलेली असते. पिलांचें संगोपन एकटी आई करते.

आतां आपल्या उंसांतील मांजराकडे येऊं. त्याचें सर्वपरिचित नांव रानमांजर. कोठें कोठें त्याला बाऊल असेंही म्हणतात. शास्त्रीय नांव 'फेलिस चाउस'. योहान ग्युल्डेनष्टेट नांवाचे एक निसर्गशास्त्रज्ञ रशियाच्या राज्याच्या वतीनें कॉकेशस पर्वताकडे प्रवास करीत असतां त्यांना टेरेक नदीच्या कांठीं हें मांजर सांपडलें, व १७७६ सालीं त्यांनीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. नदीकांठचा हा उल्लेख ध्यानांत ठेवा, त्याचा पुढें उपयोग होईल. मिसर देशांतील नाईल नदीच्या खोऱ्यापासून तों थेट व्हिएतनामपर्यंत त्याचा वास आहे. प्राचीन मिसरी लोकांनीं मसाला भरून जपून ठेवलेल्या मांजरांत कांहीं रानमांजरेंही निघालीं आहेत. (जातां जातां एक गंमत सांगतों. मिसरांत मांजराला एवढा मान, आणि इस्राएल लोक तर मिसरांत पिढ्यान्‌पिढ्या राहिले. पण आपल्या बायबलच्या सहासष्ट पुस्तकांत पाळीव मांजराचें नांव कोठें येत नाहीं. सिंह आहे, चित्ता आहे, कोल्हा आहे. घरचें मांजर मात्र नाहीं. रविवारच्या शाळेंतील मुलांनीं हवें तर शोधून पाहावें.)

रानमांजर व बॉबकॅट हे सख्खे भाऊ नव्हेत. रानमांजराचें नातें आपल्या घरच्या मनीशीं अधिक जवळचें आहे; दोहोंचा गट एकच, 'फेलिस'. मग त्या मुलाला दोन्ही सारखीं कां वाटलीं? कारण दोघांचीं शरीरें एकाच कामासाठीं घडलीं आहेत. उंच गवतांत हिंडणाऱ्याला पाय लांब हवेत, झाडावर तोल सांभाळण्याचें काम फारसें नसल्यानें शेंपटी लांब असण्याचें कारण नाहीं, आणि दिसण्यापेक्षां ऐकण्यावर भिस्त असल्यानें कान मोठे व उभे हवेत. म्हणून जुन्या इंग्रज शिकाऱ्यांपैकीं कित्येकांनीं आपल्या रानमांजरालाही लिंक्सच म्हटलें. तात्पर्य, आठवीच्या मुलाची चूक झाली असेल तर ती मोठमोठ्यांबरोबर झाली.

हें मांजर नीट पाहिलेलें माणूस विरळा. कारण पाहतों पाहतों तोंच तें पिकांत नाहींसें होतें. म्हणून खुणा सांगतों. अंग साधारण सव्वादोन फूट लांब, शेंपटी नऊ-दहा इंच, वजन चार ते सहा किलो, बोका त्याहून थोडा जड. रंग वाळलेल्या गवतासारखा, मातकट पिवळा. मोठेपणीं अंगावर ठिपके किंवा पट्टे नसतात. पायांवर मात्र कांहीं पुसट आडव्या रेघा आणि शेंपटीच्या टोंकाशीं काळीं वळीं असतात. कानांच्या टोंकाला बारीक काळे केंस. उभें राहिलें म्हणजे घरच्या मांजरापेक्षां त्याचे पाय इतके लांब दिसतात कीं, दुरून पाहणाऱ्याला तें खोकडाचें पोर वाटावें.

इंग्रजींत याला 'जंगल कॅट' म्हणतात, परंतु घनदाट जंगल त्याला मुळींच आवडत नाहीं. त्याला हवें असतें तें पाणी, आणि पाण्याकांठचें दाट, उंच गवत. टेरेक नदीचा उल्लेख लक्षांत ठेवा असें म्हटलें तें यासाठीं. तें चांगलें पोहतें, पाण्यांत उतरून मासेही धरतें. युरोपांतील कांहीं भाषांत त्याला 'बोरूंतलें मांजर' किंवा 'दलदलींतलें मांजर' अशा अर्थाचीं नांवें आहेत, तीं अधिक समर्पक होत.

हें समजल्यावर आपल्या पळसदेव गांवाची गोष्ट मला निराळ्याच दृष्टीनें दिसूं लागली. भीमा नदीवरील उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें, त्याच्या फुगवट्याखालीं आपलें जुनें गांव गेलें, आणि लोक वर येऊन वसले. उन्हाळ्यांत पाणी फार ओसरलें म्हणजे पळसनाथाचें प्राचीन देऊळ उघडें पडतें व म्हातारीं माणसें कांठावर उभीं राहून कोणाचें घर कोठें होतें तें बोटानें दाखवितात. हा विस्थापनाचा इतिहास आपल्या घराघरांत आहे. त्याविषयीं येथें लिहीत नाहीं. पण माणसाचें घर ज्या पाण्यानें हिरावलें, त्याच पाण्यानें या मांजराला घर दिलें. कांठाकांठानें पाणकणसाचीं बेटें वाढलीं, पाणपक्षी आले. भिगवणचे रोहित पक्षी पाहायला तर आतां मुंबईपुण्याचे लोक येतात. जेथें पूर्वीं पावसाच्या भरंवशावर ज्वारी-बाजरी होई तेथें ऊंस उभा राहिला. आणि ऊंस म्हणजे काय? दहा फूट उंचीचें गवतच! आंत थंडावा, आडोसा, जवळच पाटाचें पाणी, आणि खायला मुबलक उंदीर. रानमांजराला याहून अधिक काय हवें?

येथें एक मौज सांगण्यासारखी आहे. हें मांजर आयुष्यभर उंसांत राहतें, पण उंसाची गोडी त्याला ठाऊक नाहीं. मांजरांना गोड चवच कळत नाहीं. अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं चव व वास यांचा अभ्यास करणारी एक संस्था आहे. तेथील संशोधकांनीं २००५ सालीं असें दाखवून दिलें कीं, गोड चव ओळखण्यास जिभेवर ज्या घटकाची जरूर असते, तो घडविणारा आनुवंशिक गुण मांजरकुलांत निकामी झालेला आहे. घरच्या मांजराप्रमाणें वाघ व चित्ता यांतही तो निकामीच आढळला. केवळ मांसावर जगणाऱ्याला साखरेची ओळख कशाला हवी? म्हणून कोल्हा ऊंस चघळतो, रानडुकर उंसाचा फडशा पाडतें, उंदीर बुडखा कुरतडतो; पण रानमांजर उंसाच्या एका कांड्यालाही तोंड लावीत नाहीं. शेतकऱ्याला असा भाडेकरू दुसरा मिळणार नाहीं.

शिवाय तें भाडें भरतें. राजस्थानांतील सरिस्का येथील अभ्यासांत असें दिसून आलें कीं, एक रानमांजर दिवसाला तीन ते पांच उंदीर खातें. चारच धरा आणि मुलांनीं गुणाकार करून पाहावा : ४ गुणिले ३६५ म्हणजे वर्षाला १,४६० उंदीर. आतां एका उंदराच्या जोडीचीं वर्षभरांत किती पिलें होतात व तीं किती धान्य खातात, हा हिशेब मी मुद्दाम सोडवून दाखवीत नाहीं. ज्याच्या घरीं ज्वारीचीं पोतीं आहेत त्यानें वडिलांना विचारावें.

शिकारीची रीत अशी. बहुतेक मांजरांप्रमाणें तें रात्रींच निघतें असें नाहीं. सकाळीं व दिवस कलतांना तें बांधावरून फिरतांना दिसतें. चालतांना मागचा पाय बरोबर पुढच्या पायाच्या ठशावर पडतो, म्हणून वाळलेल्या पाचटावरून जातांनाही आवाज होत नाहीं. मग एके ठिकाणीं तें थिजून उभें राहतें व कान निरनिराळ्या दिशांना फिरवितें. गवताखालीं उंदीर हलला कीं आवाजावरूनच नेमकी जागा हेरून, वर उसळी घेऊन तें त्यावर झडप घालतें. तित्तर किंवा लावा उडाला तर हवेंत उंच झेपावून पंज्यानें खालीं ओढतें. सरडे, साप, बेडूक, ससेही खातें. आणि कोंबड्याही खातें. ही गोष्ट लपविण्यांत अर्थ नाहीं. त्या मुलाच्या आजीनें पावसाळ्यांत पांच कोंबड्या गमावल्या होत्या. मी त्यांच्या घरीं जाऊन १,४६० उंदरांचा हिशेब मांडला, तेव्हां त्या माउलीनें शांतपणें ऐकून घेतलें व म्हणाली, "सर, तुमचं मांजर गुणाचं असंल. पण उंदीर सगळ्या गावाचे गेले, आन्‌ कोंबड्या माझ्या एकटीच्या." यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतें. पुढच्या आठवड्यांत त्या मुलानें व त्याच्या वडिलांनीं खुराड्याला खालून फरशी व समोरून बारीक जाळी बसविली. त्यानंतर एकही कोंबडी गेली नाहीं. टोपलें पालथें घालून वर दगड ठेवण्याची आपली जुनी चाल मात्र या मांजरापुढें टिकत नाहीं.

रानमांजराहून निराळें एक दुसरें मांजर आपल्या जिल्ह्यांत आहे, तें म्हणजे वाघाटी. (आषाढी द्वादशीला जिची भाजी करतात ती वाघाटी वेगळी, ती वेल, नांव तेवढें एक.) ही आशियांतील सर्वांत लहान रानटी मांजराची जाति, आणि जगांतीलही अत्यंत लहान जातींपैकीं एक. पुरतें वाढलेलें जनावर एक ते दीड किलोचें. म्हणजे घरचा धष्टपुष्ट बोका तिच्या तिप्पट भरावा. करड्या अंगावर गंजाच्या रंगाचे ठिपके, कपाळावर पांढऱ्या व गडद रेघा, आणि चेहऱ्याच्या मानानें फार मोठे डोळे. १८३१ सालीं एका फ्रेंच शास्त्रज्ञानें पाँडिचेरीकडील नमुन्यावरून तिचें वर्णन केलें. भारत, श्रीलंका व नेपाळचा कांहीं भाग एवढेंच तिचें जग. ती रात्रीं हिंडते, झाडांवर सहज चढते, आणि पडक्या घरांच्या आढ्यांतही पिलें घालते. पूर्वीं ती दाट वनांतच राहते असें समजत. पण जुन्नरकडे उंसाच्या फडांत तिचीं पिलें वारंवार सांपडलीं, तेव्हां ती शेतांतही संसार करते हें विद्वानांना कळलें. ऊंसतोडणी करणाऱ्यांना तें आधींच ठाऊक असावें.

कान झुबकेदार असलेलें आणखी एक मांजर भारतांत आहे, शशकर्ण. फारसींत स्याहगोश, तुर्की भाषेंत कराकुलक. दोहोंचा अर्थ काळ्या कानांचा. दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकानें शिकारीसाठीं हे पाळून त्यांचा निराळा महालच ठेवला होता. आज मात्र कच्छ व राजस्थानचा थोडा भाग सोडला तर भारतांत ते जवळजवळ दिसत नाहींत. ज्याला राजवाड्यांत जागा होती त्याची ही गत झाली. उलट, आपण ज्याला उदमांजर म्हणतों तें मांजरच नव्हे. त्याचें कुळ निराळें. तें फळें फार आवडीनें खातें, आणि त्याला गोडी कळते.

आतां ज्या चुकीचा वर उल्लेख केला ती सांगतों.

रानमांजराची मादी सुमारें नऊ आठवडे गाभण राहते व बहुधा दोन ते पांच पिलें घालते. आपल्या देशांत पिलें पुष्कळदां हिंवाळ्यांत व उन्हाळ्यांत होतात. आणि नेमका तोच उंसतोडणीचा हंगाम. आई शिकारीस गेलेली, पिलें पाचटांत निजलेलीं, आणि कोयते एकेक सरी कापीत पुढें येत आहेत, असा प्रसंग दर वर्षीं आपल्या शिवारांत घडतो. पिलांच्या अंगावर लहानपणीं पुसट पट्टे व ठिपके असतात. त्यांतून अलीकडे बिबट्या जुन्नर-शिरूरकडून दौंड, बारामती, इंदापूर या बाजूंसही येऊं लागला आहे; त्यामुळें ठिपक्यांचें पिलूं दिसलें कीं 'बिबट्याचीं पोरें' म्हणून ओरड होते. कोणी भीतीनें मारतो, कोणी कौतुकानें घरीं नेतो. दोहोंचा शेवट बहुतेक एकच.

जानेवारींत एके सोमवारीं तोच मागच्या बांकावरचा मुलगा प्रार्थनेच्या आधीं माझ्याकडे आला. त्याच्या हातांत पिशवी होती, आणि पिशवींत तीन पिलें. त्यांच्या शेतांत तोडणी चालू होती. "सर, तुमच्यासाठी आणली," तो म्हणाला. जूनपासून मीं वर्गांत त्याच्या प्रश्नाचें इतकें कौतुक केलें होतें कीं, त्याला वाटलें याहून मोठी भेट ती कोणती! डोळे नुकते उघडलेले, म्हणजे वयानें दोन आठवड्यांचीं असावींत. त्या क्षणीं त्याला परत पाठवून "जेथून आणलींस तेथेंच ठेव" असें सांगणें माझें काम होतें. तें मीं केलें नाहीं. मलाही मोह पडला. सारी शाळा पाहायला लोटली. मी पिलें घरीं नेलीं, आणि कापसाच्या बोळ्यानें गाईचें दूध पाजलें.

मांजराच्या पिलांना गाईचें दूध पचत नाहीं हें मला ठाऊक नव्हतें. त्यांतील साखर त्यांना सोसत नाहीं व जुलाब लागतात. शिवाय इतकीं लहान पिलें स्वतःच्या अंगांत ऊब धरूं शकत नाहींत. आईचें अंग हीच त्यांची शेगडी. मंगळवारीं रात्रीं एक गेलें, बुधवारीं पहांटे दुसरें. मग मीं वनखात्याला कळविलें. आलेला वनरक्षक मला रागावला नाहीं. रागावला असता तर बरें वाटलें असतें. त्यानें एवढेंच विचारलें, "फड पुरता तुटला का?" मुलानें सांगितलें, दोन एकर अजून उभा आहे. "मग आई तेथेंच असेल," तो म्हणाला.

संध्याकाळीं आम्ही डाळिंबाचें एक रिकामें कॅरेट घेतलें, त्यांत पाचट घातलें व पिलूं जेथें सांपडलें होतें तेथेंच बांधाच्या कडेस तें ठेवून लांब ट्रॉलीच्या आड बसलों. वनरक्षक, तो मुलगा, त्याचे वडील व मी. पहिल्या रात्रीं कोणी आलें नाहीं. पहांटे पिलूं आंत घेतलें, वनरक्षकानें आणलेलें निराळें दूध थोडें थोडें पाजलें, गरम पाण्याची बाटली फडक्यांत गुंडाळून त्याच्याजवळ ठेवली. गुरुवारीं रात्रीं पुन्हां बसलों. थंडी कडक होती. पिलूं मधून मधून ओरडे. सुमारें दीड वाजतां उभ्या उंसाच्या कडेला कांहींतरी हललें. ती बाहेर आली, थांबली, आमच्या बाजूला कान वळविले, आणि मग सरळ कॅरेटकडे गेली. पिलाला मानेला धरून उचललें व उंसांत नाहींशी झाली. सारें मिळून अर्धें मिनिटही लागलें नसेल. मुलाच्या वडिलांनीं हात जोडले.

आम्ही उठणार, इतक्यांत वनरक्षकानें हातानें खुणावलें. ती परत आली होती. कॅरेटमध्यें वांकून तिनें पाचट हुंगलें, पंज्यानें उकरलें, सभोंवार फिरली व गेली. थोड्या वेळानें आणखी एकदां आली, आणि तसेंच करून गेली. तो मुलगा माझ्या शेजारीं बसला होता. तो कांहीं बोलला नाहीं, आणि मलाही बोलवेना.

पालकांना विनंति अशी. तोडणींत पिलें दिसलीं तर त्यांना हात न लावतां तेवढी जागा सोडून काम दुसऱ्या टोंकानें चालू करावें व माणसांनीं दूर व्हावें. कुत्रीं बांधून ठेवावींत. बहुतेक वेळां त्याच रात्रीं आई पिलें हलविते. जागा सोडणें अशक्यच असेल तर पिलें हळूच टोपल्यांत किंवा कॅरेटमध्यें घालून बांधाला, सांपडल्या जागेच्या अगदीं जवळ ठेवावींत, आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. जुन्नरजवळ माणिकडोह येथें बिबट्यांचें निवारा-केंद्र आहे. तेथील वैद्य व वनखात्याचे लोक याच रीतीनें बिबट्याचे बछडे, रानमांजराचीं व वाघाटीचीं पिलें आयांना परत मिळवून देत आले आहेत. पाचट पेटविण्यापूर्वीं फडांतून एकदां फिरून येणें हें तर कोणालाही करतां येईल. खरें म्हणजे पाचट न पेटवितां कुजविलें तर जमिनीलाही तें चांगलें. उंदरांसाठीं विष घालणाऱ्यांनीं हें लक्षांत घ्यावें कीं, विष खाऊन सुस्त झालेला उंदीर रानमांजर सर्वांत आधीं पकडतें, आणि मग पुढील वर्षीं त्या शेतांत उंदीरच राहतात. पिलें घरीं पाळणें किंवा मांजर मारणें हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें गुन्हा आहे. तो माझ्याही हातून झाला, हें वर सांगितलेंच.

पुणें-सोलापूर रस्ता आपल्या गांवाजवळून जातो. त्यावर पहांटे मेलेलीं रानमांजरें मीं या वर्षीं दोन पाहिलीं. दोन्ही पुलाजवळ, जेथें पाट रस्त्याखालून जातो त्या ठिकाणीं. पाटाच्या कडेनें चालत येऊन तीं तेथें वर चढत असावींत. नळींतून पलीकडे जाण्यास कोरडी पायवाट ठेवली तर कदाचित्‌ तीं खालूनच जातील; ग्रामपंचायतीनें याचा विचार करावा.

आठवी-नववीच्या मुलांना मे महिन्याच्या सुटीसाठीं एक काम देतों. पाटाच्या कडेच्या ओल्या मातींत सकाळीं पाउलखुणा पाहाव्या. कुत्र्याच्या ठशांत बोटांपुढें नखांच्या खुणा उमटतात. मांजराच्या ठशांत त्या नसतात, कारण चालतांना मांजर नखें आंत ओढून घेतें. ठसा अडीच इंचांहून मोठा असेल तर तो रानमांजराचा नव्हे; तेथून मुकाट्यानें घरीं यावें व मोठ्या माणसांना सांगावें. लहान असेल तर शेजारीं पेन ठेवून त्याचें चित्र काढावें, दिवस, वेळ व शिवाराचें नांव लिहावें, आणि जून महिन्यांत शाळा उघडली म्हणजे माझ्याकडे आणून द्यावें. मागच्या बांकावरच्या मुलानें आतांपर्यंत अकरा चित्रें दिलीं आहेत. त्यांतील शेवटचें फेब्रुवारीच्या अखेरीचें असून त्यांत मोठ्या ठशांच्या शेजारीं एक लहान ठशांची ओळ आहे.